'टू', 'व्हेरी' आणि 'ग्लट': इंग्रजीतलं 'जास्त' मुलांना कसं शिकवायचं?

शब्दवेडी_अमळनेर :
नमस्कार मंडळी. मी अमळनेर तालुक्यातल्या एका गावात आठवी ते दहावीला इंग्रजी शिकवते. बरेच दिवस डोक्यात असलेली गोष्ट आज विचारते.

'रिमूव्ह टू' (म्हणजे 'too' काढून वाक्य पुन्हा लिहा) हा प्रश्न माझी मुलं डोळे मिटून सोडवतात. 'द टी इज टू हॉट टू ड्रिंक' दिलं की 'द टी इज सो हॉट दॅट आय कॅनॉट ड्रिंक इट' तयार! पैकीच्या पैकी गुण. तीच मुलं निबंधात लिहितात, 'माय मदर इज टू ब्युटिफुल.' म्हणजे नियम पाठ आहे, पण 'टू' म्हणजे नुसतं 'खूप' नाही, 'नको इतकं' आहे, हे आत पोचलेलं नाही.

पुढची अडचण आणखी मोठी. सरप्लस, एक्सेस, ग्लट, सरफिट, प्लेथोरा. शब्दकोशात बघावं तर सगळ्यांपुढे 'अतिरेक, विपुलता, आधिक्य' हेच फिरून फिरून येतं. मुलं पाठ करतात आणि विसरतात. मला असं वाटतं की 'किती जास्त' यावरून हे शब्द वेगळे होत नाहीत. जास्त झाल्यावर पुढे काय होतं, यावरून ते वेगळे होतात. उरलं, भाव पडला, मळमळलं, कामावरून काढलं, असं.

तर तुमच्या कामातली, शेतातली, घरातली उदाहरणं द्या. पुस्तकातली मुलं मॉलमध्ये आणि विमानतळावर फिरत असतात. माझ्या मुलांना त्यांच्या गावातलं 'जास्त' हवंय.

रावेरी_घड :
ताई, 'ग्लट' माझ्याकडून घ्या, आमच्याकडे पोतंभर आहे.

केळीची बाग कापणीला आली की तिला थांब म्हणता येत नाही. कापूस घरात भरून ठेवता येतो, हरभरा ठेवता येतो. केळी साधारण १३ अंशांच्या खाली नेली तर साल काळी पडते, म्हणून बटाट्यासारखी महिनोन् महिने कोल्डमध्येही टाकता येत नाही. आणि वैशाखात ऊन असं की झाडावरच पिकते. अशात रावेर, यावल, चोपडा सगळीकडच्या बागा एकदम निघाल्या, तिकडे बऱ्हाणपूरला आवक वाढली, त्यात आंबा बाजारात आला, की केळीला कोणी विचारत नाही. आम्ही म्हणतो 'मालाला उठाव नाही'. बोर्डावर भाव एक लागतो, व्यापारी बांधावर येऊन दुसराच सांगतो, आणि तोही द्यावा लागतो, कारण घड वाट बघत नाही.

हा ग्लट. माल जास्त आहे एवढ्यावर ग्लट होत नाही. बाजार तुंबला आणि भाव कोसळला की ग्लट. घरच्या गव्हातून वर्षाचं काढून ठेवून चार पोती उरली, ती विकली, पैसे आले, तो सरप्लस. माझ्या पोराला मी असंच सांगितलं होतं: सरप्लसने शेतकरी हसतो, ग्लटने रडतो.

सातपुडा_पायथा :
घडभाऊ, शेवटची ओळ वर्गाच्या भिंतीवर लावण्यासारखी आहे.

कॉलेजकट्टा_धुळे :
पण मॅडम, 'टू गुड' तर सगळे कौतुकानेच म्हणतात. मग त्या मुलाचं 'टू ब्युटिफुल' चुकलं कसं?

शब्दवेडी_अमळनेर :
चांगला प्रश्न. बोलताना 'टू गुड' चालतं, कारण तिथे 'हद्द झाली बुवा' असा सूर असतो. आपण 'फारच भारी' म्हणतो तसंच. पण तो सूर कागदावर उतरत नाही. पेपर तपासणाऱ्याला 'टू ब्युटिफुल' दिसलं की तो विचारतो, बरं, मग काय बिघडलं? परीक्षेत 'व्हेरी' लिहा, मित्राला 'टू गुड' म्हणा.

भुसावळ_लोको :
आमच्याकडे 'ओव्हर'चं राज्य आहे, म्हणून त्याच्याबद्दल लिहितो. तुमच्या मुलांना 'ओव्हर' दिसला की 'जास्त' असं सांगू नका, फसतील.

रेल्वेत बघा. ओव्हरब्रिज: इथे ओव्हर म्हणजे फक्त 'वर'. ओव्हरशूट: गाडी जिथे थांबायला हवी होती तिथून पुढे गेली, म्हणजे 'पलीकडे'. ओव्हरलोड: वॅगनमध्ये ठरलेल्या वजनापेक्षा जास्त माल, म्हणजे 'प्रमाणाबाहेर'. वजनकाट्यावर पकडलं तर दंडाचं भाडं बसतं. आणि ओव्हरटाईम: प्रमाणाबाहेर खरा, पण त्याचे पैसे मिळतात म्हणून कोणी तक्रार करत नाही. एकाच शब्दाची ही चार घरं. मुलांना भुसावळ स्टेशनवर आणा, मी चारही दाखवतो.

शब्दवेडी_अमळनेर :
लोकोभाऊ, हे उद्याच फळ्यावर जाणार. सहलीचं मनावर घेते.

वैद्यबुवा :
मी जळगावात दवाखाना चालवतो. 'प्लेथोरा' हा मुळात आमचा शब्द आहे. ग्रीकमध्ये त्याचा अर्थ 'भरलेपण'. जुने युरोपियन वैद्य अंगात रक्त फार झालं की त्याला प्लेथोरा म्हणत आणि शीर कापून रक्त काढत. आजही रक्तातल्या लाल पेशी वाढून चेहरा लालबुंद झालेला रुग्ण आला की डॉक्टर 'प्लेथोरिक' असं लिहितात. म्हणजे तो रोग होता, आणि आज लोक 'प्लेथोरा ऑफ ऑफर्स' असं आनंदाने लिहितात! काही जुने इंग्रजी संपादक अजूनही म्हणतात की चांगल्या गोष्टीला प्लेथोरा लावू नये. मला ते पटतं.

आणखी एक. 'हायपर' ग्रीक, 'सुपर' लॅटिन, 'ओव्हर' इंग्रजी आणि संस्कृत 'उपरि' हे चौघे एकाच मूळ शब्दाची लेकरं आहेत. आपलं मराठी 'वर' त्याच 'उपरि'तून आलं. तेव्हा लोकोभाऊंचा ओव्हरब्रिज आणि आपला 'वरचा पूल' हे नात्यात आहेत.

पांझराकाठ :
मी जरा वेगळं बोलतो, राग नसावा. मीही शिक्षकच आहे, आदिवासी भागात नोकरी केली. हे ग्रीक-लॅटिन आपल्याला वाचायला गोड लागतं. ज्या मुलाला 'टू' आणि 'टू' आणि 'टू' (to, too, two) या तीन स्पेलिंगांत घोळ आहे, त्याच्यापुढे प्लेथोरा ठेवून काय साधणार? आधी तीन शब्द पक्के करा: इनफ, व्हेरी, टू. पुरेसं, खूप, नको इतकं. सरफिट त्याला जन्मात लागणार नाही. शब्दसंग्रहाचाच अतिरेक करू नका, एवढंच सांगणं.

वैद्यबुवा :
पांझराकाठ सर, क्रम तुमचा बरोबर आहे. पण 'जन्मात लागणार नाही' हे आपण कसं ठरवायचं? माझ्या कंपाउंडरची मुलगी नर्सिंगला गेली. तिला पहिल्याच आठवड्यात हायपर आणि हायपो यांच्याशी झगडावं लागलं. 'हायपर म्हणजे आपलं वर' एवढं आठवीत कोणी सांगितलं असतं, तर तिचे पुष्कळ कष्ट वाचले असते.

पांझराकाठ :
हे मान्य. 'हायपर' राहू द्या. 'सरफिट'वर मी ठाम आहे.

आखाजीची_लेक :
सरफिटवर ठाम राहू नका सर! त्याचं उदाहरण खान्देशातल्या प्रत्येक घरात आहे.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी जा. खापरावरची पुरणपोळी आणि आमरस. पहिली पोळी स्वर्ग. दुसरी आनंदाने. तिसरी वहिनीच्या आग्रहाने. मग मामी येते, 'माझ्या हातची नाही घेतली' म्हणते आणि रसाची वाटी पुन्हा काठोकाठ भरते. नंतर दोन दिवस रस डोळ्यांसमोर नको वाटतो. रस वाईट झालेला नसतो, भावही पडलेला नसतो, आपल्यालाच वीट येतो. हा सरफिट. ग्लट बाजारात होतो, सरफिट माणसात होतो.

आणि गोड फार झालं की आपण म्हणतो ना, तोंडाला मिठी बसली? इंग्रजीत त्यासाठी 'क्लॉय' आहे. त्याच्या मुळाशी लॅटिन 'खिळा' आहे, घोड्याच्या खुरात चुकून ठोकला गेलेला. खिळ्याने घोडा अडतो, गोडाने जीभ अडते. मला 'मिठी बसणे' जास्त आवडतं, पण मुलांना दोन्ही सांगावेत.

रावेरी_घड :
ताई, भर दुपारी रसाचं नाव काढलंत. आता कामात लक्ष लागायचं नाही.

इतिहासप्रेमी_पारोळा :
सरफिटवरून इंग्लंडचा राजा पहिला हेन्री आठवला. ११३५ साली नॉर्मंडीत वारला. वैद्याने मना केलं असताना लॅम्प्रे नावाचे बाम माशासारखे लांबट जलचर त्याने भरपेट खाल्ले आणि त्यातच गेला, असं त्या काळच्या बखरकाराने लिहून ठेवलंय. इंग्लंडच्या शाळांत 'सरफिट ऑफ लॅम्प्रेज' हे शब्द अजून पोरांच्या तोंडी असतात. एक राजा गेला आणि त्याच्यासोबत एक शब्द अमर झाला. मुलांना गोष्ट सांगा, शब्द आपोआप बसेल.

पांझराकाठ :
राजाची गोष्ट चांगली आहे. सरफिट परत घेतो वर्गात.

गिरणाथडी :
बराच वेळ वाचत होते, आता लिहितेच. या सगळ्यात एक शब्द राहिला: 'रिडंडंट'.

आमच्या शाळेचा पट कमी झाला. संचमान्यतेत (पटावरून शिक्षकांची पदं ठरवतात त्यात) एक पद कमी दाखवलं आणि माझं नाव 'अतिरिक्त' यादीत गेलं. स्टाफरूममध्ये सगळे 'सरप्लस' म्हणत. 'त्या सरप्लस झाल्या.' वर्षानुवर्षं फळा पुसून हात पांढरे झालेल्या बाईला 'सरप्लस' म्हणताना कोणालाच काही वाटलं नाही. समायोजनाच्या दिवशी हॉलमध्ये आम्हा सगळ्यांना ओळीने बसवलं होतं, उरलेल्या शाळांची यादी समोर, आणि ज्येष्ठतेनुसार एकेक नाव पुकारत होते. मला तालुक्याच्या दुसऱ्या टोकाची शाळा मिळाली. शाळा चांगली आहे, मुलं गोड आहेत. पण तो शब्द विसरले नाही.

ब्रिटनमध्ये जागाच रद्द झाल्यामुळे काढलेल्या माणसाला 'रिडंडंट' म्हणतात. मूळ लॅटिनमध्ये त्याचा अर्थ 'काठावरून उतू गेलेलं', त्यात 'उंदा' म्हणजे लाट आहे. तीच लाट 'अबंडन्स'मध्ये आहे आणि 'इननडेट'मध्येही आहे. एकीत सुबत्ता, एकीत पूर, एकीत नोकरी गेलेला माणूस. हे तिन्ही शब्द मी वर्गात एकत्र शिकवते. आणि मुलांना सांगते की धान्याला सरप्लस म्हणा, पैशाला म्हणा, माणसाला म्हणताना थांबा.

शब्दवेडी_अमळनेर :
गिरणाथडी ताई, तुमची पोस्ट दोनदा वाचली. माझ्या दोन मैत्रिणी त्या हॉलमध्ये बसून आल्या आहेत. तुमचे ते तीन शब्द मी तुमच्याच क्रमाने शिकवणार.

भुसावळ_लोको :
ताई, पाऊस चांगला झाला की हतनूर धरणाचे ४१ दरवाजे उघडल्याची बातमी येते तेव्हा तुमची ती लाट मुलांना दाखवता येईल. धरण भरलं तोवर अबंडन्स, गावात पाणी शिरलं की इननडेट.

पऱ्हाटी :
मी कोरडवाहू कपाशीवाला. इंग्रजी बारावीपर्यंतच, पण धागा आवडला म्हणून माझ्याकडचं सांगतो.

युरिया फार पडला आणि पाऊस साथीला आला, तर कपाशी छातीएवढी होते, हिरवीगार, रस्त्याने जाणारा थांबून बघतो. पण आत पाते (फुलांच्या कळ्या) लागत नाहीत, लागले तर गळतात, बोंडं मोजकी. वरून मावा आणि तुडतुडे त्या कोवळ्या पानांवर तुटून पडतात. आम्ही म्हणतो 'कपाशी माजली'. मग शेंडे खुडा, फवारणी करा, खर्च दुप्पट. याला इंग्रजीत काय म्हणतात?

वैद्यबुवा :
पऱ्हाटीभाऊ, तुम्ही फार मोलाचं विचारलंत. 'लग्झरियंट'. आणि गंमत ऐका. आज आपण 'लग्झरी बस' म्हणतो, ती 'लग्झरी' त्याच शब्दाची बहीण. लॅटिनमध्ये पीक बेफाम वाढलं तरी तोच शब्द, आणि माणूस चैनीत वाहवत गेला तरी तोच. आपल्या 'माजणे'सारखंच: कपाशी माजते आणि पैसेवाला माजतो. दोन हजार वर्षांपूर्वीच्या रोमन शेतकऱ्याला आणि तुम्हाला एकच गोष्ट दिसली.

पऱ्हाटी :
म्हणजे लग्झरी म्हणजे माज. घरी पोरीला सांगतो, ती नवीन मोबाईल मागते आहे.

चाकोरी :
माझ्या टोपणनावाचं इंग्रजी भावंड सांगतो. 'एक्झॉर्बिटंट', म्हणजे अवाच्या सवा, भावासाठी वापरतात. लॅटिनमध्ये 'ऑर्बिटा' म्हणजे गाडीच्या चाकाने मातीत पाडलेली वाट, तंतोतंत आपली चाकोरी. चाकोरी सोडून बाहेर गेलेलं ते एक्झॉर्बिटंट. ज्याने बैलगाडी हाकली आहे त्याला हे लगेच कळेल, चाक वाटेबाहेर गेलं की काय होतं ते. आपल्याकडे 'चाकोरीबाहेरचा' हे आता कौतुक झालंय, इंग्रजीत त्याचं शिव्या खाणारं रूप राहिलं.

गाडीवरूनच दुसरा शब्द. उन्हाळ्यात लाकडी चाकं सुकून आरे खिळखिळे झाले की आमचे आजोबा चाक नदीच्या डोहात भिजत टाकायचे, लाकूड फुगून घट्ट बसायचं. इंग्लंडच्या खेड्यात लाकडी भांडं असं भिजत घालण्याला 'बिंज' म्हणत. त्यावरून दारूत भिजणारा माणूस, आणि आता रात्रभर मालिका बघणारा. 'बिंज वॉचिंग' म्हणणाऱ्या पोरांना सांगा, हा शब्द खेड्यातला आहे.

कॉलेजकट्टा_धुळे :
काय सांगता! हे हॉस्टेलवर सांगणार.

अहिराणी_मायबोली :
सगळं छान चाललंय, पण माझा एक आग्रह आहे. अमळनेरकडच्या खेड्यातल्या पोरांची घरची भाषा अहिराणी. त्यांना आधी प्रमाण मराठी 'अतिरेक' समजावायचा आणि मग इंग्रजी, हा दुहेरी डोंगर कशाला? सरळ विचारा ना, 'गंज व्हयनं, आते नको वाढू' हे तू कधी म्हणतोस? 'गंज' म्हणजे भरपूर. 'भू चांगलं' म्हणजे व्हेरी गुड. 'गंज व्हयनं, आते नको' म्हणजे टू मच. पोरगं घरात हे रोज वापरतं. त्याला फक्त दाखवायचं की तुझ्याकडे हा फरक आधीच आहे.

सातपुडा_पायथा :
सहमत. पण परीक्षेत शेवटी प्रमाण मराठीतच अर्थ लिहावा लागतो, हेही विसरू नका. आमच्याकडे तर एकाच वर्गात भिली, पावरी, गुजर, अहिराणी सगळी मुलं असतात. तिथे कोणती भाषा धरायची?

अहिराणी_मायबोली :
प्रत्येकाला त्याच्या भाषेत 'बस, आता नको' कसं म्हणतात ते विचारायचं. फळ्यावर सगळे लिहायचे. शेजारी 'टू मच'. अर्थ सांगावाच लागणार नाही.

सातपुडा_पायथा :
हे जमेल. पावरी मुलं फळ्याकडे यायला लाजतात, त्यांना यानिमित्ताने बोलतं करता येईल.

रावेरी_घड :
थोडं अवांतर: भरीत कधी 'जास्त' होतं का? थंडीत पऱ्हाट्यांवर, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्यांवर, भाजलेली हिरवी वांगी, वर लसूण-मिरची, सोबत कळण्याची पुरी. मला त्याचा सरफिट झाल्याचं आठवत नाही.

आखाजीची_लेक :
भाऊ, भरताला त्यातून सूट आहे. आपल्या भरताच्या वांग्याला आणि केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, त्याचा मान राखा.

पांझराकाठ :
वांग्यावरून परत मुद्द्यावर येऊ. 'टू' आणि 'व्हेरी'साठी मी वर्गात एक कसोटी वापरतो. वाक्याच्या शेवटी मनात 'म्हणून नको' जोडून बघायचं. 'चहा गरम आहे, म्हणून नको': जुळतं, टू हॉट. 'शर्ट मोठा आहे, म्हणून नको': जुळतं, टू बिग. 'आई सुंदर आहे, म्हणून नको': वर्ग हसतो, आणि 'टू ब्युटिफुल' पुन्हा कोणी लिहीत नाही. 'रिमूव्ह टू' शिकवण्याच्या आधी हे करावं. उलटं केलं की मुलं यंत्रासारखी वाक्य फिरवतात.

'इनफ'साठी पऱ्हाटीभाऊंसारख्यांच्या शब्दांतला 'वाफसा' वापरतो. जमिनीत ओल आहे, पण हवाही खेळते, आता तिफण चालवावी अशी वेळ. चिखल म्हणजे टू वेट, कोरडं म्हणजे नॉट वेट इनफ, वाफसा म्हणजे जस्ट इनफ.

पऱ्हाटी :
सर, तुमच्या वर्गात बसायला हवं होतं.

शब्दवेडी_अमळनेर :
पांझराकाठ सर, 'म्हणून नको' आजच करून पाहिलं. मधल्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, 'मॅडम, अभ्यास जास्त आहे, म्हणून नको.' वाक्य अगदी बरोबर होतं, तिला शाबासकी दिली.

दहावी_ब :
मी इथल्या एका सदस्याचा भाऊ आहे, दहावीत शिकतो. सर, तुमच्या कसोटीत एक वाक्य अडतंय. पुस्तकात आलं होतं, 'ही वॉज ओन्ली टू ग्लॅड टू हेल्प.' मी 'रिमूव्ह टू' केलं तर 'ही वॉज सो ग्लॅड दॅट ही कुड नॉट हेल्प' झालं. आनंद झाला म्हणून मदत केली नाही? असं कसं?

पांझराकाठ :
शाबास! हा अपवाद बऱ्याच शिक्षकांच्याही नजरेतून सुटतो. 'टू'च्या आधी 'ओन्ली' आला की अर्थ फिरतो. 'ओन्ली टू ग्लॅड' म्हणजे 'अगदी आनंदाने'. तिथे नकार येत नाही, 'व्हेरी' येतो: 'ही वॉज व्हेरी ग्लॅड टू हेल्प.' 'म्हणून नको' ऐवजी इथे 'मग काय, हवंच' जोडून बघ.

दहावी_ब :
जोडलं. जुळलं सर. आता 'ऑल टू ऑफन' पण असंच का?

पांझराकाठ :
त्या गटातलाच, पण तिथे वैताग आहे. 'इट रेन्स ऑल टू ऑफन इन बनाना सीझन' म्हणजे 'नको तेव्हा, नको तितक्या वेळा'. नकार नाही, तक्रार आहे. केळीच्या जागी तुझ्या गावचं पीक घालून पाच वाक्यं कर आणि इथेच टाक, तपासून देतो.